'नल' म्हणजे 'नाही' नव्हे : पोथीच्या खुणेपासून एक्सएमएलच्या अ‍ॅट्रिब्यूटपर्यंत

समजा, तुमच्याकडे एका जुन्या ग्रंथाच्या पाठभेदांची एक्सएमएल फाइल आहे. प्रत्येक पाठभेदाच्या टॅगमध्ये एक अ‍ॅट्रिब्यूट आहे, आणि तो पाठ कोणकोणत्या हस्तलिखितांत सापडतो हे त्यात लिहिलेलं आहे. तुम्ही पंधरा-वीस ओळींचा कोड लिहिता, चालवता, आणि उत्तर येतं 'नल'. किंवा त्याहून वाईट म्हणजे, काहीच चूक न दाखवता एक तक्ता तयार होतो आणि त्यात ग्रंथ लिपीतल्या हस्तलिखितांसमोर शून्य असतं.

पहिली अडचण त्रासाची आहे, पण दुसरी धोक्याची आहे. 'नल' आलं की निदान आपण थांबतो. शून्य आलं की आपण त्याचा अर्थ लावायला बसतो. 'दक्षिणेकडच्या परंपरेत हा पाठभेद आढळत नाही' असं वाक्य प्रबंधात जातं. प्रत्यक्षात पाठभेद तिथं असतो, फक्त आपल्या कोडला तो वाचता आलेला नसतो.

या लेखात अ‍ॅट्रिब्यूट का वाचता येत नाही याची कारणं बघू. पण नुसती यादी देत नाही. यातली बरीचशी कारणं इतिहासातून आलेली आहेत, आणि तो इतिहास माहीत असला तर चूक शोधायला कुठून सुरुवात करायची ते कळतं. शिवाय या इतिहासाचे दोन महत्त्वाचे टप्पे आपल्या पुण्यातलेच आहेत.

टप्पा पहिला : भांडारकर संस्थेतली तळटीप

मजकूर आणि मजकुराविषयीची माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे यातली दुसरी गोष्ट. ती कुठं आणि कशी ठेवायची हा प्रश्न संगणकापेक्षा फार जुना आहे.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचं काम १९१९ साली सुरू केलं. १९२५ पासून विष्णू सीताराम सुकथनकर हे प्रमुख संपादक झाले. १९४३ मध्ये त्यांचं निधन झालं, आणि पुढं श्रीपाद कृष्ण बेलवलकर व परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ही जबाबदारी सांभाळली. १९६६ साली काम पूर्ण झालं. १,२५९ हस्तलिखितं तपासून एकोणीस खंडांत ही आवृत्ती सिद्ध झाली.

या आवृत्तीचं कोणतंही पान उघडा. वर संपादकांनी निश्चित केलेली संहिता असते आणि खाली बारीक टाइपात पाठभेद. प्रत्येक पाठभेदाबरोबर रोमन अक्षर आणि आकडा अशी खूण असते. शारदा लिपीतल्या हस्तलिखिताला डोक्यावर तिरकी रेघ असलेलं 'एस' (उच्चार 'श'), बंगालीला 'बी', देवनागरीला 'डी', तेलुगूला 'टी', ग्रंथ लिपीला 'जी', मल्याळमला 'एम'. म्हणजे 'डी ४' म्हणजे देवनागरी गटातलं चौथं हस्तलिखित. ही खूण मजकुराचा भाग नाही, ती मजकुराची साक्ष आहे. आजच्या भाषेत ते अ‍ॅट्रिब्यूटच झालं.

आणखी एक गोष्ट बघा. संहितेतला जो शब्द संपादकांना पुरेसा खात्रीचा वाटला नाही, त्याच्याखाली नागमोडी रेघ आहे. म्हणजे 'हा पाठ आम्ही स्वीकारला आहे, पण शंका आहे.' हेसुद्धा अ‍ॅट्रिब्यूट. कुणी नुसता मजकूर टाइप करून घेतला की ही रेघ जाते, आणि शंकेचा शब्द खात्रीच्या शब्दांच्या रांगेत जाऊन बसतो.

आता मुख्य मुद्दा. या तळटीपांत एखाद्या हस्तलिखिताची खूण दिसली नाही, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? साधारणपणे, ते हस्तलिखित वरच्या संहितेशी जुळतं असा. पण दर वेळी नाही. कदाचित त्या हस्तलिखिताची ती पानंच गहाळ असतील. आदिपर्वासाठी वापरलेलं शारदा हस्तलिखित तर अपुरंच आहे. म्हणून कुठलं हस्तलिखित कुठं खंडित आहे, याची नोंद संपादकांनी वेगळी दिली. वाचकानं ती नोंद न वाचता थेट तळटीप वाचली, तर 'पान गहाळ' याचा अर्थ तो 'पाठ जुळतो' असा करून बसेल.

थोडक्यात, खूण न दिसणं याचे एकाहून जास्त अर्थ असतात, आणि कोणता अर्थ घ्यायचा ते त्या नोंदीत नसतं, नोंद करण्याच्या पद्धतीत असतं. हे एक वाक्य लक्षात ठेवा. पुढचा सगळा लेख त्याचाच विस्तार आहे.

टप्पा दुसरा : सी-डॅक आणि 'इस्की'

१९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, सुरू झालं. परम महासंगणकामुळं ते सर्वांना माहीत आहे, पण भारतीय भाषांच्या दृष्टीनं तिथलं जिस्ट तंत्रज्ञान तेवढंच महत्त्वाचं. त्याचा उगम आयआयटी कानपूरमधला आणि पुढचा विस्तार पुण्यातला. या काळातच 'इस्की' या भारतीय संकेतप्रणालीला स्थिर रूप आलं, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं ती आयएस १३१९४ या क्रमांकानं मानक म्हणून स्वीकारली.

इस्कीमागची कल्पना देखणी होती. ब्राह्मीतून आलेल्या लिप्यांची वर्णमाला जवळपास सारखी, तर मग सगळ्यांना एकच संकेत का देऊ नयेत? म्हणून 'क' चा संकेत १७९, मग तो देवनागरी असो, बंगाली असो की तेलुगू. पण मग हा 'क' कोणत्या लिपीत दाखवायचा? त्यासाठी एक खास संकेत ठेवला, क्रमांक २३९. त्याचं नावच 'अ‍ॅट्रिब्यूट' कोड. त्याच्यापाठोपाठ येणारा एक बाइट सांगतो की पुढचा मजकूर कोणत्या लिपीत आहे, किंवा ठळक आहे की तिरपा. ६६ आला तर देवनागरी, ६७ आला तर बंगाली. हा परिणाम पुढचा अ‍ॅट्रिब्यूट येईपर्यंत किंवा ओळ संपेपर्यंत टिकतो.

म्हणजे इथं अ‍ॅट्रिब्यूट मजकुराच्या प्रवाहातच मिसळलेलं आहे. जुन्या इस्की फाइलींचं रूपांतर करताना होणारे घोटाळे त्यातूनच येतात. एक, रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला २३९ चा अर्थच माहीत नसेल, तर ६६ हा बाइट त्याला साधं रोमन अक्षर 'बी' वाटतो आणि मराठी मजकुरात मधेच एक अनाथ 'बी' उगवतो. आता महाभारताच्या पाठभेदांत हाच 'बी' बंगाली हस्तलिखितांची खूण आहे हे आठवा, म्हणजे गोंधळ किती वाढू शकतो ते कळेल. दोन, प्रोग्राम २३९ ओळखतो पण ओळ संपल्यावर परिणाम संपतो हे विसरतो, आणि मग पुढची सगळी ओळ चुकीच्या लिपीत जाते.

युनिकोडनं प्रत्येक लिपीला वेगळी जागा दिली. त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावरच आधारलेली आहे. त्यामुळं लिपी सांगणाऱ्या अ‍ॅट्रिब्यूटची गरज संपली. भाषेची मात्र संपली नाही. पुण्यात छापलेल्या कितीतरी पुस्तकांत एकाच पानावर संस्कृत श्लोक आणि मराठी अर्थ असतो, दोन्ही देवनागरीत. नुसते संकेत बघून संगणकाला त्यातलं संस्कृत कोणतं आणि मराठी कोणतं हे सांगता येत नाही. ते अ‍ॅट्रिब्यूटमध्येच लिहावं लागतं. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथं मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' दिसणंसुद्धा या भाषेच्या अ‍ॅट्रिब्यूटवर अवलंबून असतं.

टप्पा तिसरा : एसजीएमएल, एक्सएमएल आणि टीईआय

दरम्यान बाहेर काय चाललं होतं? १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. नोव्हेंबर १९८७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या व्हासार कॉलेजात अभ्यासक जमले आणि साहित्य, इतिहास, भाषाशास्त्र यांतले मजकूर संगणकावर कसे नोंदवायचे याचे नियम ठरवण्याचं काम सुरू झालं. तेच टीईआय. भांडारकर संस्थेच्या तळटीपेसारखी रचना टीईआयमध्ये नीट मांडता येते. पाठभेदाचा एक टॅग, आणि त्याला 'विट' नावाचं अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे 'विटनेस', साक्षीदार हस्तलिखित. नागमोडी रेघेसाठी 'सर्ट' हे अ‍ॅट्रिब्यूट आहे, खात्री किती ते सांगणारं.

१९९८ मध्ये एक्सएमएल आलं आणि १९९९ मध्ये त्याचे नेमस्पेसचे नियम. टीईआयची चौथी आवृत्ती २००२ मध्ये एक्सएमएलवर आली, पाचवी २००७ मध्ये. या बदलांत काही अ‍ॅट्रिब्यूटांची नावंच बदलली. चौथ्या आवृत्तीपर्यंत भाषेसाठी नुसतं 'लँग' आणि ओळखीसाठी नुसतं 'आयडी' होतं. पाचव्यात ती 'एक्सएमएल कोलन लँग' आणि 'एक्सएमएल कोलन आयडी' झाली. तुम्ही एखाद्या जुन्या प्रकल्पाचा कोड घेऊन नव्या फाइलीवर चालवलात, तर तो 'लँग' शोधतो आणि त्याला काही सापडत नाही. माहिती जागेवरच असते, फक्त पत्ता बदललेला असतो.

मग चूक शोधायची कशी?

आता कामाचं बोलू. अ‍ॅट्रिब्यूट मिळत नसेल तर या क्रमानं जा.

एक : पार्सर कोणता आहे ते बघा. एक्सएमएल फाइल एचटीएमएलच्या पार्सरनं वाचणं ही सर्रास होणारी गोष्ट. पायथनमध्ये ब्यूटिफुल सूप वापरताना पार्सर न सांगता फाइल दिली की ती एचटीएमएल म्हणूनच वाचली जाते. एचटीएमएलमध्ये नावांतल्या लहान-मोठ्या रोमन अक्षरांत फरक नाही, म्हणून पार्सर सगळी नावं लहान अक्षरांत बदलून टाकतो. एक्सएमएलमध्ये मात्र फरक आहे. टीईआयमधल्या 'नॉटबिफोर' या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये मधला 'बी' मोठा असतो. एचटीएमएल पार्सरनंतर तो लहान होतो आणि मूळ नावानं शोधलं तर सापडत नाही. दुसरं म्हणजे, पान कुठं बदललं हे सांगणारा टॅग एक्सएमएलमध्ये जागच्या जागी बंद करता येतो. एचटीएमएल पार्सर ती बंद करणारी तिरकी रेघ मानत नाही, आणि पुढचा मजकूर त्या टॅगच्या पोटात टाकतो. मग अ‍ॅट्रिब्यूट मिळतं, पण भलत्याच मजकुराला चिकटलेलं.

दोन : नाव पूर्ण आहे का ते बघा. नेमस्पेसचा एक नियम भल्याभल्यांना फसवतो. मूळ टॅगवर जाहीर केलेला नेमस्पेस आतल्या सगळ्या टॅगना लागू होतो, पण उपसर्ग नसलेल्या अ‍ॅट्रिब्यूटना होत नाही. म्हणून पायथनच्या एलिमेंटट्रीमध्ये टॅग शोधताना नेमस्पेसचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो, 'विट' मागताना मात्र नुसतं 'विट' पुरतं. आणि 'एक्सएमएल कोलन लँग' मागायचं असेल तर तिथं 'एक्सएमएल कोलन' लिहून चालत नाही. महिरपी कंसात एक्सएमएलच्या नेमस्पेसचा पूर्ण पत्ता आणि कंसाबाहेर 'लँग' असं लिहावं लागतं. ब्राउझरमध्ये उलट, गेटअ‍ॅट्रिब्यूटला 'एक्सएमएल कोलन लँग' हे नाव जसंच्या तसं दिलं तरी चालतं. एकाच फाइलीवर दोन साधनं दोन उत्तरं देतात ती यामुळं.

तीन : किंमत एक आहे की अनेक ते बघा. 'विट' मध्ये बहुधा अनेक हस्तलिखितं असतात, मधे मोकळी जागा सोडून, आणि प्रत्येकाआधी हॅशची खूण. पण अ‍ॅट्रिब्यूट वाचलं की मिळते एक अखंड स्ट्रिंग. ती 'जी १' शी बरोबर आहे का असं विचाराल, तर उत्तर नेहमी 'नाही' येणार. सुरुवातीला सांगितलेलं शून्य बहुतेकदा इथून येतं. 'त्यात जी १ आहे का' असं ढोबळ विचाराल, तर 'जी १०' सुद्धा मोजला जाईल. म्हणून आधी मोकळ्या जागांवर तोडा, हॅश काढा, मग तुलना करा. तोडताना एकच स्पेस गृहीत धरू नका. लिहिणाऱ्यानं अ‍ॅट्रिब्यूटच्या मधे नवी ओळ घेतली असेल तर पार्सर तिची स्पेस करतो, आणि अशा दोन-तीन स्पेस एकत्र येऊ शकतात.

चार : अक्षरं आतून सारखी आहेत का ते बघा. शारदा हस्तलिखिताची खूण युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येते : एकच जोडलेलं अक्षर म्हणून, किंवा 'एस' आणि वरची रेघ असे दोन संकेत म्हणून. डोळ्याला सारखं, संगणकाला वेगळं. यावर उपाय आहे, दोन्ही बाजू एनएफसी या प्रमाणरूपात आणून मग तुलना करणं. पण मराठीत एक गोष्ट या उपायानं सुटत नाही. 'दऱ्या' या शब्दातला चंद्रकोरीसारखा र दोन प्रकारे नोंदवलेला सापडतो : एक, नुक्ता असलेल्या 'ऱ' पासून, दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा झेडडब्ल्यूजे हा जोडसंकेत. प्रमाणरूपात आणूनही हे दोन एक होत नाहीत. आणि कुणी 'साफसफाई' म्हणून न दिसणारे संकेत काढून टाकले, तर दुसऱ्या प्रकारातल्या 'दऱ्या' चा 'दर्या' होतो. डोंगरातल्या दऱ्यांचा एकदम समुद्र! शब्दकोशाच्या फाइलीत शब्द अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवलेला असेल तर ही चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येणार नाही.

पाच : 'नल' आणि 'रिकामं' यांत फरक करा. १९९८ च्या पहिल्या डॉम मानकात अ‍ॅट्रिब्यूट नसेल तर गेटअ‍ॅट्रिब्यूटनं रिकामी स्ट्रिंग द्यावी असं लिहिलं होतं. आजच्या मानकात 'नल' आहे. म्हणजे त्या नियमाप्रमाणं लिहिलेल्या कोडमध्ये 'अ‍ॅट्रिब्यूटच नाही' आणि 'अ‍ॅट्रिब्यूट आहे पण रिकामं आहे' यांतला फरक पुसला जायचा. दुसऱ्या पिढीच्या मानकात, २००० साली, हॅजअ‍ॅट्रिब्यूट आलं ते यासाठीच. अजून एक शक्यता : काही अ‍ॅट्रिब्यूटांची ठरलेली किंमत फाइलीत नसून बाहेरच्या डीटीडीमध्ये असते. ब्राउझर बाहेरची डीटीडी वाचत नाहीत, त्यामुळं ती किंमत तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

प्रबंधात काय लिहायचं?

हे पाचही तपास झाल्यावर जे 'नल' उरेल, ते खरं 'नल'. पण तेव्हाही त्याचा अर्थ आपोआप ठरत नाही. भांडारकर संस्थेच्या तळटीपेकडे परत या. साक्षीदारांच्या यादीत एखादं हस्तलिखित नाही, तर तीन शक्यता आहेत. ते संहितेशी जुळतं. किंवा त्याचं पान गहाळ आहे. किंवा नोंद करणाऱ्यानं ते त्या ठिकाणी तपासलंच नाही. तुमच्या तक्त्यात या तिघांसाठी एकच शून्य असेल, तर पुढची सगळी संख्याशास्त्रीय गणितं त्या शून्यावर उभी राहतील.

म्हणून तक्ता करतानाच वेगवेगळे रकाने ठेवा : जुळतो, वेगळा आहे, खंडित, तपासलेला नाही. आणि संशोधनपद्धतीच्या प्रकरणात फाइल टीईआयच्या कोणत्या आवृत्तीतली, कोणत्या पार्सरनं वाचली, अक्षरं कोणत्या प्रमाणरूपात आणली, हे चार-पाच ओळींत लिहा. मार्गदर्शकांना ते कदाचित तांत्रिक तपशील वाटेल. तरी लिहा. सुकथनकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत हस्तलिखितं कशी निवडली, कशी तपासली, कुठं खंड आहे, हे सविस्तर मांडलं. म्हणूनच आज त्यांच्याशी असहमत होणाऱ्यालाही त्यांचं काम पडताळून बघता येतं. आपल्या कोडच्या बाबतीत तेवढी सोय पुढच्या माणसासाठी आपणही करून ठेवायला हवी.

सुरुवातीला एक छोटा सराव करून बघा. मोठी फाइल घेण्याआधी त्यातलं एकच पान निवडा, छापील पान शेजारी ठेवा, आणि प्रत्येक खूण हातानं मोजा. मग कोडनं मोजा. दोन आकडे जुळले तरच पुढं जा. नाही जुळले, तर वरच्या पाच पायऱ्या आहेतच.